मायचं वाक्य भोंग्यावर

माझ्या दिराचं ताडकळसच्या बाजारातलं भाषण कुणी पाडलं, याच्या निदान सात-आठ हकिकती मी स्वतःच्या कानांनी ऐकल्या आहेत. कुणी म्हणायचं, सत्तेतल्या लोकांनी गर्दीत माणसं पेरली होती. कुणी म्हणायचं, भोंगेवाल्याला चहापाणी पोचलं होतं. आमच्या शाळेचे हेडमास्तर आवाज खाली आणून सांगायचे, "बाई, हा ध चा मा आहे. घरातल्याच कुणाचा तरी हात आहे." हे सांगताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत, हजेरीपटाकडे बघायचे. त्यांना ठाऊक काहीच नव्हतं, पण अंदाज बरोबर होता. तो हात माझा होता.

आणीबाणी उठल्यानंतरचा तो हिवाळा. विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. आणीबाणी उठली होती, पण लोकांची सवय उठली नव्हती. हॉटेलात शिरलेला माणूस आधी बाकावर कोण बसलंय ते बघायचा आणि मग चहा सांगायचा. मी तर जन्माचीच संशयी. कुणी विनाकारण गोड बोललं की मी घरी येऊन पेटीचं कुलूप बघते. त्या वर्षी सगळा जिल्हाच माझ्या वळणावर गेला होता, त्यामुळं मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

मी ताडकळसला मुलींच्या शाळेत शिक्षिका होते, अजून कायम झाले नव्हते. नवरा परभणीला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून, रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. दीर त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या बौद्धवाड्यातून निघालेला पहिला वकील, परभणीला कोर्टात काम करायचा आणि विरोधी पक्षाच्या सभांमधून बोलायचा. तिकीट त्यालाच मिळणार असं जो तो म्हणायचा. माझ्या नवऱ्यानं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकवर थांबवून याला औरंगाबादला वसतिगृहात ठेवलं होतं. हा आला की दोघं भाऊ एकाच ताटात जेवायचे, तिशी उलटलेले दोन बाप्ये. मी वेगळं ताट मांडलं तर दीर म्हणायचा, "वैनी, वाटणी करायलाव का आमची?" मला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं. आमच्या घरात दुसरं मिरवण्यासारखं होतं तरी काय?

कोर्टात फाडफाड बोलणारा हा माणूस लोकांसमोर उभा राहिला की पुस्तकी व्हायचा. 'जनतेच्या आशाआकांक्षा' वगैरे सुरू झालं की बाया उठून मिरच्या बघायला जायच्या. म्हणून भाषणं मी लिहायचे. मी पेन्सिलीनं मसुदा करायचा, दिराला वाचून दाखवायचा, तो मान हलवेल ते ठेवायचं. मग नवरा जाड शाईनं, बोटभर उंच अक्षरांत ते उतरून काढायचे, कारण दिराला लांबचं दिसायचं तसं जवळचं दिसत नव्हतं आणि व्यासपीठावर चष्मा लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. श्वास घ्यायच्या जागी एक उभी रेघ. टाळ्यांसाठी थांबायच्या जागी दोन. उतरून झालं की माझा मसुदा चुलीत. सरकारी नोकरीतल्या बाईनं विरोधी पक्षाचं भाषण लिहिलं हे बाहेर कळलं असतं, तर मी कायम होण्याऐवजी कायमची घरी बसले असते. आणि माझं अक्षर गावातल्या निम्म्या पोरींच्या पाटीवर होतं, ते कुणीही ओळखलं असतं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दीर सोनपेठच्या सभेला गेला होता, तिथून दुसऱ्या दिवशी परस्पर ताडकळसला यायचा होता. भाषण त्यानं ऐकून, पसंत करून ठेवलेलं. नवरा ओट्यावर पाट घेऊन उतरून काढत होते आणि मी भाकरी थापता थापता ऐकत होते. मधला भाग मला मऊ वाटला. येलदरीचं पाणी, वीज, रेशन, सगळं होतं, पण लागत नव्हतं कुठंच. तेव्हा मला मायचं वाक्य आठवलं.

बहात्तरच्या दुष्काळात माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. वडील आधीच गेले होते. मी तेव्हा मास्तरकीचं शिकत होते, वसतिगृहात दोन वेळचं मिळत होतं. एकदा सुट्टीत घरी आले तर मायनं रेशनवरच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेत जनावरांना घालतात त्या ज्वारीची, भाकरी केली होती. उचलली की तुटायची, तव्यावरून ताटात तुकड्यातुकड्यांनीच यायची. मी तोंड वाकडं केलं असणार. माय म्हणाली, "खा. अमेरिकेच्या डुकरानं तोंड फिरवलं, तवा कुठं आपल्या ताटात आलंय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर एवढी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. घरात आम्ही दोघीच होतो. त्या हसण्यावर ती भाकरी गेली पोटात.

तेच वाक्य मी नवऱ्याला सांगितलं, जरा ठाकठीक करून. 'अमेरिकेच्या डुकरांनी ज्यावरून तोंड फिरवलं, ते या सरकारनं तुमच्या ताटात वाढलं!' त्यांनी टाक उचलून धरला. "बसतंय का हे इथं?" म्हणाले.

"बसतंय. फुडं दोन रेघा मारा."

त्यांनी मारल्या. मसुदा चुलीत गेला. उतरवलेला कागद सकाळी नवरा परभणीला नेणार होते, सोनपेठहून येणाऱ्या दिराच्या हातात स्टँडवर द्यायला. मी त्या रात्री खुशीत झोपले. इतकं टोकदार वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं, आणि हेही लिहिलं कुठं होतं म्हणा.

आमच्या शाळेचा व्हरांडा बाजाराकडं तोंड करून होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वह्या तपासायचं निमित्त करून मी तिथं खुर्ची टाकली. दोन बैलगाड्या जोडून व्यासपीठ केलं होतं, भोंगा लिंबाला बांधलेला. दीर पांढऱ्याशुभ्र टेरिलीनच्या शर्टात उभा राहिला. गर्दी बरी होती. हिवाळ्यात निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, माझा भाऊ-भावजयही गेले होते, पण म्हातारीकोतारी माणसं, बाया आणि बाजाराला आलेले सगळे थांबले होते. मिरच्यांच्या ढिगाजवळ मला मायचं हिरवं लुगडं दिसलं. ती शेजारच्या खेड्यातून दर बाजाराला यायची आणि बाजार झाला की माझ्याकडं चहा घेऊन परतायची.

सुरुवात चांगली झाली. पाण्यावर लोक हसले, विजेवर एकानं शिट्टी मारली. मग ते वाक्य आलं. दिरानं ते खणखणीत म्हटलं आणि दोन रेघांप्रमाणं थांबला.

टाळी नाही. आधी मला वाटलं वारा उलटा आहे, आपल्याला ऐकू येत नाही. दिरालाही असंच काही वाटलं असावं, भोंगा नीट चालला नाही असं. त्यानं भोंगेवाल्याला हातानं आवाज वाढव म्हणून खूण केली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि पुन्हा थांबला. मी हातातली लाल पेन्सिल मोडली.

पेरू विकणारा बागवान पाटी सोडून उभा राहिला. "हमकू सुवर बोल्या क्या?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं, पण ऐकलं सगळ्यांनी. ताडकळसच्या बाजारात निम्मी दुकानं मुसलमानांची. रेशनच्या रांगेत तेही होते, मिलो त्यांच्याही पोरांनी खाल्ला होता. डुकराचं नाव ज्या घरात निघत नाही, त्या घरातल्या ताटाला आम्ही भोंगा लावून डुकराचं ताट म्हटलं होतं. हे मला आदल्या संध्याकाळी सुचायला पाहिजे होतं. माझ्या वर्गात सहा मुसलमान मुली होत्या, रोज हजेरी घेत होते मी त्यांची.

मग पुढं बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. "वकीलसायब, तवा तुमी काय खात व्हता?"

आख्ख्या गावाला उत्तर ठाऊक होतं. औरंगाबादला वसतिगृहात गव्हाची पोळी. दिरानं कागदाकडं पाहिलं. उत्तर कागदावर नव्हतं. तो जागा चुकला, पाण्याचं पुन्हा बोलायला लागला, लोक उठायला लागले. बाया आधी उठल्या. ज्यांनी खडी फोडली होती त्या तर सगळ्या. मायनं पाटी डोक्यावर घेतली आणि आपल्या गावाच्या रस्त्याला लागली. माझ्या घराकडं वळली नाही. मिठाची पुडी घ्यायचीही राहिली असणार, कारण दुकान माझ्या घराच्या बाजूला होतं.

संध्याकाळी दीर घरी आला तो कागद हातात घेऊनच. मी चुलीपाशी होते. नवरा नुकतेच बसमधून उतरून आले होते, दारात बसून बूट काढत होते.

"वैनी," दीर म्हणाला, "तुमी वाचून दाखवलं तवा हे वाक्य नव्हतं. कुठनं आलं हे?"

सांगायला किती वेळ लागला असता? दोन शब्द. पण मी तव्यावरची भाकरी उलटली. आधी वाटलं, हा आता चिडेल. मग वाटलं, चिडून कुठं तरी बोलून बसेल आणि माझी नोकरी जाईल. खरं कारण याहून हलकं आहे. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी गप्प बसते.

"मी घातलं ते," नवरा म्हणाले.

"तू?"

"लिहिता लिहिता सुचलं."

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात 'आपला आज्ञाधारक' याच्यापलीकडं स्वतःचं वाक्य लिहिलं नव्हतं. हे दिराइतकं कुणाला ठाऊक असणार? तो वकील माणूस. त्यानं भावाकडं टक लावून पाहिलं आणि विचारलं, "सुचलं का सुचवलं कुणी?"

नवऱ्यानं दुसरा बूट काढला. त्या दिवशीही दोघं एका ताटात बसले. पण दीर दोन घास खाऊन उठला, शेवटची गाडी जाईल म्हणाला. शेवटच्या गाडीला अजून तासभर होता.

पुढचे आठ-दहा दिवस गावात दुसरा विषय नव्हता. हापशावर पाण्याला गेले की बाया बोलायच्या, मी आले की बोलणं बदलायच्या. एसटीत मागच्या बाकावरून ऐकू यायचं, "आरं, सोताच्या मानसाला कुनी आसं पाडतं का? पैका खाल्ला आसंल कुनी तरी." गावात पक्षाचं काम बघणारे किराणा दुकानवाले तर ठामपणे सांगायचे की भाषण बदललं गेलं, सोनपेठहून येताना वाटेत बदललं गेलं. आमच्याच आळीतले दोघं-तिघं म्हणायचे, आपला पोरगा वर चढायला लागला म्हणून पक्षातल्याच मोठ्या घरच्यांनी हे करवलं. मला तर हीच हकिकत सगळ्यांत पटायची, वाक्य माझं नसतं तर मीच ती सांगत फिरले असते. एकालाही असं वाटलं नाही की वाक्य चुकलं ते चांगल्या मनानं चुकलं. असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याच्यावरच संशय घेतला असता.

त्यात एक गोष्ट अशी झाली की सगळ्यांच्या हातात कोलीतच मिळालं. माझ्या नवऱ्याची येलदरीला बदली झाली होती, धरणावरच्या कचेरीत. तो हुकूम त्याच आठवड्यात रद्द होऊन आला. रद्द झाला तो माझ्या अर्जावर. नवरा-बायको दोघं नोकरीत आहेत, एकाच भागात ठेवावं, असा अर्ज मी दिवाळीआधीच केला होता. पण सरकारी कागद यायचा तेव्हाच येतो. कचेरीतल्या कुणीतरी दिराच्या कानावर घातलं आणि त्यानं दोन आणि दोन चार केले.

तो घरी आला, बसला नाही. "दादा, बदली कुनाच्या शब्दानं थांबली?"

"अर्जावर थांबली."

"अर्जावर!" दीर हसला. कोर्टात समोरच्या साक्षीदाराला हसत असेल तसं. "सौदाच करायचा व्हता तर मला सांगायचंस. मीच पडलो आसतो, तुला वाक्य लिहायची मेहनत पडली नसती."

नवरा एवढंच म्हणाले, "जेवून जा."

तो जेवला नाही. त्यानंतर आमच्या घरात एका ताटात दोघं जेवले नाहीत. तिकीट दुसऱ्याच कुणाला गेलं, ते गेलंच असतं असं मला आजही वाटतं, पण त्या वेळी सगळ्यांनी त्याचा हिशेब माझ्या नवऱ्याच्या नावावर मांडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर रोज त्या संन्याशाला डबा भरून देत होता.

आता मी काय केलं ते सांगते, त्याची मला सगळ्यांत जास्त शरम वाटते. मी नवऱ्यावर संशय घेतला. त्यांनी अंगावर का घेतलं? न विचारता, एका क्षणात? माझ्या मनानं घेतलं की खरंच काहीतरी असल्याशिवाय माणूस असं करत नाही. माझा अर्ज तर तीन महिने पडून होता, मग आत्ताच कसा हलला? वाक्य माझं होतं हे मला पक्कं माहीत असतानाही मी हे असं डोक्यात घोळवत होते. धुण्याला सदरे घेतले की खिसे उलटे करून बघायचे. एकदा त्यांनी दारातून पाहिलं.

"काय बघायलीस?"

"सुटे पैसे राहतात, धुण्यात जातात," मी म्हटलं. आणि मग राहवलं नाही, विचारलं, "तुमी का म्हनलात, मी घातलं म्हणून?"

त्यांनी बाजूला पिळून ठेवलेला सदरा उचलला आणि दोरीवर टाकला. "तू गप बसलीस. कुनीतरी बोलायला पायजे व्हतं."

एवढंच. त्यात ना राग होता ना उपकार. मी त्यानंतर खिसे बघितले नाहीत.

मायकडं जायचं मी टाळत होते. दोन बाजार झाले, ती माझ्या दारावरून गेली, आत आली नाही. तिसऱ्या बाजाराआधीच मी रविवारी चालत तिच्या गावी गेले. माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. बस म्हणाली नाही, पण सूप माझ्याकडं सरकवलं. मीही सोलायला बसले.

"ते मी तुला बोलले व्हते," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "भोंग्याला न्हाई."

मी शेंगा सोलत राहिले.

"आधी मी लिवनाऱ्याला शिव्या घातल्या. म्हनलं, कोन हाय ह्यो भाड्या, ज्यानं आमच्या ताटाला डुकराचं ताट म्हनलं. संग खडी फोडनाऱ्या बाया व्हत्या, त्या बी द्यायल्या. मग त्यानं दुसऱ्यांदा म्हनलं, 'तोंड फिरवलं' म्हनून. तवा वळखलं मी." तिनं शेंग फोडली. "बाई, ते कुनी वाढलं नव्हतं. ते मी खडी फोडून आनलं व्हतं. आन तुझ्या दिरानं काय म्हनलं? सरकारनं वाढलं."

छप्पन साली धर्म बदलला तेव्हापासून मायनं कुणाच्या वाढलेल्या अन्नाला हात लावला नव्हता. दिलेलं खायाचं न्हाई, कमवलेलं खायाचं, हे ती आम्हा भावंडांना धपाटे घालून शिकवायची. आणि मी शिकलीसवरलेली, त्या एका शब्दात तिला पुन्हा कुणाच्या तरी दारात नेऊन उभी केली होती. डुकराचं मला कळलं होतं, बागवान उभा राहिला तेव्हाच. 'वाढलं'चं मात्र मला त्या अंगणात बसेपर्यंत कळलं नव्हतं.

मी रडले. मायनं रडू दिलं. मग म्हणाली, "जावयाच्या नावानं बोलायलेत लोकं. तू सांगितलंस का दिराला?"

"न्हाई."

"मग हितं काय रडायलीस?"

दुसऱ्याच दिवशी शाळेला रजा टाकून मी परभणीची गाडी धरली. दिराची खोली कोर्टाच्या मागं होती, पुस्तकांची एक मांडणी आणि दोन खुर्च्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वाक्य माझं, सांगितलं मी, उतरवलं त्यांनी. बदलीचा अर्ज माझा. काही लपवलं नाही, गप्प का बसले तेही सांगितलं.

दिरानं शांतपणे ऐकलं. पाणी दिलं. मग म्हणाला, "वैनी, तुमी चांगल्या हाव. नवऱ्यासाठी कुनी बी करील हे. पण हे तवाच का नाही बोललाव? तीन आठवडे लागले तुमाला आठवायला?"

"भाऊजी, खरं सांगायलेय मी."

"मसुदा दाखवा."

मसुदा चुलीत गेला होता, त्यालाही ठाऊक होतं. आम्हीच तिघांनी ठरवलेली रीत होती ती.

"हे वाक्य तुमचं असू शकत नाही," तो म्हणाला. "मी तुमची किती भाषणं बोललो. तुमी असं लिहीत नाहीत."

"माझं नव्हतंच. मायचं व्हतं. मायनं मला म्हनलं व्हतं दुष्काळात."

"मग त्यांना इचारलं तर त्या सांगतील?"

त्याच्या बोलण्यात चिकाटी होती, कुजकटपणा नव्हता. मला वाटलं, दार किलकिलं झालं. मी घाईघाईनं हो म्हटलं आणि तशीच, ताडकळसला न उतरता, मायच्या फाट्यावर उतरले.

मायला मी सांगितलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. पुन्हा ते वाक्य, आणि तेही त्याच माणसासमोर, ज्याच्या तोंडून तिनं ते भर बाजारात ऐकलं होतं. मी तिला काय मागत होते ते मला कळत होतं. तरी मी मागितलं, कारण दोन भावांचं ताट मला परत मांडायचं होतं. शेवटी ती उठली, धुतलेलं लुगडं नेसली, दाराला कडी घातली. "चल," म्हणाली.

दिरानं तिला खुर्ची दिली, ती खाली चटईवर बसली. त्यानं चहा सांगितला. मायनं पदर नीट केला आणि म्हटलं, सावकाश, खाली बघून, "वकीलसायब, ते मी म्हनले व्हते. दुष्काळात. अमेरिकेच्या डुकरानं तोंड फिरवलं, तवा आपल्या ताटात आलंय, आसं. लेकीला म्हनले व्हते, चुलीपाशी. जावयाला त्यातलं कायबी ठाव न्हाई."

दुष्काळात चुलीपाशी म्हणाली तेव्हा ती हसत होती. आता तिच्या आवाजात काहीच नव्हतं. पोरीनं पाठ केलेली कविता म्हणावी तसं ते वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं, आणि ते तसं बाहेर पडतंय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दिराच्याही लक्षात आलं.

त्यानं खुर्ची पुढं ओढली. मग पुढं वाकून, अगदी मायेनं विचारलं, "मावशी, हे आसं बोला म्हणून तुमाला कुनी पढवलं? दादानं?"

माय उठली. चहा आला होता, तो तिथंच राहिला. दारात तिनं चपला पायात सरकवल्या आणि स्टँडची वाट धरली. स्टँडवर गाडी लागलेलीच होती, आम्हाला मागचा बाक मिळाला. ताडकळसला न उतरता तिला सोडायला जायचं म्हणून मी फाट्यापर्यंतचीच दोन तिकिटं काढली. पिंपळगावचा थांबा गेला, माणसं चढली-उतरली. मायनं तिकिटाचा कागद मुठीत घट्ट धरला होता.

तिचा फाटा जवळ आला तशी ती म्हणाली, "आनखी कुनाच्या घरी जायाचं हाय का, सांग. म्हंजी आजच समद्यांम्होरं म्हनून टाकते."

मी नाही म्हटलं.